असे मानण्यास जागा आहे

चर्चासत्राचं पत्रक व्हॉट्सॲपवर येतं, तेव्हा इतर प्राध्यापक आधी जेवणाची सोय आहे का ते बघतात. आमचे सर सारांश पाठवण्याची शेवटची तारीख बघतात आणि मग ती विसरून जातात. इतिहासाचे असे सर तुमच्याही कॉलेजात असतील. आमच्याकडे मात्र त्यांचं पीक अंमळ जास्त येतं, कारण केळवे-माहीमपासून तारापूर-चिंचणीपर्यंतचा पट्टा इतिहासाने खचाखच भरलेला आणि कागद मात्र पुण्यात, मुंबईत, पणजीत, नाहीतर थेट लिस्बनला.

सर राहतात बोईसरला, शिकवतात पालघरला. मध्ये स्टेशन एकच, उमरोळी. पण बोईसरला गाडीत चढताना पक्का असलेला विषय उमरोळीला डळमळतो आणि पालघरला उतरताना भलताच झालेला असतो. खांद्याला शबनम, शबनममध्ये १८८२ च्या ठाणे गॅझेटियरच्या झेरॉक्स. त्या पानांवर इतक्या वर्षांत इतके चहाचे डाग पडलेत, की काही गावांची लोकसंख्या आता डागाखालीच गेली आहे. तिथे सर अंदाजाने आकडा घालतात.

विषय निवडण्याचं त्यांचं शास्त्र साधं आहे. साधनं जितकी लांब, तितका विषय थोर. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तिथेच गोळी लागून पडले आणि मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेची मराठी पत्रं सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या खंडांत छापलेली आहेत. एखादा साधा माणूस म्हणाला असता, चला, वेढ्यातल्या फौजेला दाणागोटा कुठून येत होता तेवढं या पत्रांवरून बघू. सरांनी विषय घेतला, ‘तारापूरचा पाडाव : पोर्तुगीज अंतरंग’. आता सरांना पोर्तुगीज येत नाही. त्यांनी कुठूनशी एक पोर्तुगीज पीडीएफ उतरवून घेतली आणि डोळ्यांत तेल घालून वाचली, म्हणजे त्यातले आकडे वाचले. एका पानावर तीनशे हा आकडा सापडला. तीनशे सैनिक, तीनशे तोफगोळे की तीनशे पिंपं दारू, याचा पत्ता लागेना. पेपरात वाक्य आलं : ‘किल्ल्यात तीनशेच्या आसपास काहीतरी होते, असे मानण्यास जागा आहे.’

बोईसरमध्ये जागेचे भाव काय झालेत ते सर्वांना ठाऊक आहे. एवढी मोकळी जागा आता जिल्ह्यात फक्त सरांच्या पेपरांत उरली आहे.

सरांना साधनं मिळत नाहीत, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मिळालेली साधनं सरांना आवडत नाहीत. चिंचणीचे राष्ट्रकूटकालीन ताम्रपट घ्या. शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात संजाणचा कारभार बघणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचं नाव येतं. दिनेशचंद्र सरकारांनी ते ताम्रपट वाचून छापले आहेत. आपल्या शेजारच्या गावात सापडलेला, अक्षर न् अक्षर वाचलेला दस्तऐवज! मी सुचवून पाहिलं. सर म्हणाले, “अहो, सगळं मिळालंय त्यात. मग मी काय करू?” नंतर माझ्या लक्षात आलं, की माणूस अगदी खरं बोलला होता. जिथे कागद असतो तिथे कोणीतरी उठून ‘सर, पान अमुक वर तसं नाहीये’ म्हणू शकतं. लिस्बनच्या कागदाबद्दल बोईसरमध्ये कोण उठणार?

बेचाळीसच्या वेळी तर सरांनी कमाल केली. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरात कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, पाचजण हुतात्मा झाले. पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी दर १४ ऑगस्टला लोक जमतात. सरांनी ठरवलं, प्रत्यक्षदर्शींच्या मुलाखती घ्यायच्या. विचार चांगला होता, फक्त तीसेक वर्षं उशिरा आला होता. जे आजोबा सापडले, ते त्या दिवशी दीड वर्षांचे होते. “पण आईच्या कडेवर होते,” सर म्हणाले, “म्हणजे दृष्टी उंचावर होती.” या आजोबांनी आपल्या आईकडून काय ऐकलं, गावात ती आठवण कशी सांगितली जायची, हे विचारलं असतं तर सोन्यासारखा पेपर झाला असता. सरांनी विचारलं, बंदुका कोणत्या बनावटीच्या होत्या?

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि सरांना कायमची सबब मिळाली. काहीही मागा, “ते दप्तर ठाण्यात राहिलं.” एकदा वहिनींनी विजेचं बिल कुठे ठेवलंय म्हणून विचारलं, तेव्हाही सवयीने हेच उत्तर गेलं म्हणतात.

तुटकी साधनं असणं यात खरं तर काही कमीपणा नाही. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली माहिकावतीची बखर म्हणजे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळांत लिहिलेली गोधडी, आणि सनावळ्यांचा तर नुसता गोंधळ. राजवाड्यांनी आधी कोणतं प्रकरण कधीचं ते लावलं आणि मग त्या गोधडीला झेपेल तेच तिला विचारलं : उत्तर कोकणात लोक येऊन वसले कसे, जगले कसे. राजांच्या तारखा विचारल्या असत्या तर बखर तिथेच फाटली असती. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “राजवाड्यांना बढतीसाठी एपीआयचे गुण लागत नव्हते.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या साली सरांनी अणुऊर्जा केंद्राला हात घातला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, म्हणजे विषय इतिहासात बसतो. ‘तारापूर अणुऊर्जा प्रकल्प : निर्णयप्रक्रियेचा अंतर्गत इतिहास’. अंतर्गत म्हटल्यावर आत जाणं आलं. गेटवर सुरक्षारक्षकाने काय काम म्हणून विचारलं, सर म्हणाले, “फायली बघायच्यात.” पुढचा सगळा वेळ सर गेटवरच्या वहीत नाव, पत्ता आणि येण्याचं कारण लिहीत होते. या विषयावर त्यांच्या हाताने झालेलं तेवढंच अस्सल लेखन.

त्याच वर्षी एम.ए.च्या एका मुलीने सारांश दिला. तिचं घर मूळचं पोफरणचं. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, त्यातलं. तिच्या आजीच्या ट्रंकेत एक नायलॉनची पिशवी होती. त्यात भूसंपादनाच्या नोटिसा, जुन्या पत्त्याचं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, आणि मागे मासळीचा हिशेब लिहिलेली एक लग्नपत्रिका. शेजारपाजारच्या घरांतूनही अशा पिशव्या निघाल्या. तिने प्रश्न एवढासाच घेतला : गाव उठल्यावर एका आळीतल्या बायकांची कामं काय बदलली? आणि पहिल्याच पानावर लिहिलं, की ज्यांनी कागद जपले त्यांचीच ही हकीगत आहे. ज्यांच्याकडे पहिल्यापासून कागदच नव्हता, त्या भूमिहीन घरांबद्दल यातून फारसं कळत नाही.

सर हादरले. “अगं, उणीव पहिल्या पानावर लिहितात होय? ती शेवटी असते. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ म्हणून. तिथपर्यंत कोणी वाचत नाही.”

“पण सर, आजीच विचारेल ना, शेजारच्या काकूंचं का नाही लिहिलंस म्हणून.”

आपला पेपर वाचायला आजी असू शकते, हा विचार सरांना नवा होता. ते बराच वेळ ती पिशवी चाळत राहिले. लग्नपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली, पापलेटचा तेव्हाचा भाव मोठ्याने वाचला, आताचा आठवून हळहळले. मला वाटलं, बरं झालं, लागण झाली.

“विषय छान आहे,” सर म्हणाले, “फक्त लहान आहे. थोडा वाढवू. ‘विस्थापन : रामायणकाळापासून तारापूरपर्यंत’. रामायणाचं मी बघतो. संयुक्त पेपर करू.”

मुलगी शांतपणे म्हणाली, “चालेल सर. नावं अकारविल्हे टाकायची ना?”

सरांचं आडनाव व-ने सुरू होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “छे छे, ज्येष्ठतेनुसार. तशी परंपरा आहे.”

“संदर्भ काय देऊ, सर?”

“ते दप्तर ठाण्यात राहिलं.”