स्वतःचे घर बांधू इच्छिणाऱ्यांसाठी बांधकामशास्त्राची रूपरेषा

घराचा पहिला नकाशा साधारणपणे एखाद्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काढला जातो. काढणारा गृहस्थ नोकरदार असतो आणि त्याच्या किंवा पत्नीच्या नावे तालुक्याच्या गावी तीन-चार गुंठ्यांचा प्लॉट असतो. (एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट. विकताना तो अकराशे धरला जातो, घेताना हजार.) या नकाशात दिवाणखाना, स्वयंपाकघर, तीन बेडरूम, देवघर आणि पाहुण्यांची खोली हे सर्व सुखाने मावते, कारण त्यातल्या भिंतींना जाडी नसते आणि जिना काढायचा राहिलेला असतो. बाहेरच्या भिंती नऊ इंची आणि आतल्या चार इंची धरल्या, तरी जोत्याच्या क्षेत्रफळापैकी दहा-पंधरा टक्के जागा भिंती खातात. जिना आणखी शंभरेक चौरस फूट घेतो. ही सगळी जागा शेवटी पाहुण्यांच्या खोलीतून वजा होते. त्याबद्दल घरात कोणी फारसा खेद केल्याचे आढळत नाही.

कागदपत्रांचा टप्पा थोडक्यात सांगता येतो. सातबारा, फेरफार, बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा ही चार कागदपत्रे हाती असावीत. भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याशी असलेले वीस वर्षांचे संबंध नऊ इंचांवर येतात, पण हे जोते बांधून झाल्यावर होण्यापेक्षा आधी झालेले बरे. मंजूर नकाशात चारी बाजूंनी जी मोकळी जागा सोडावी लागते तिला सामासिक अंतर म्हणतात. ती हवा, उजेड आणि प्रसंगी अग्निशामक दल यांच्यासाठी असते. मालकाला मात्र तीत दुचाकीची शेड, बाहेरचा संडास आणि वरच्या मजल्यावरच्या भावी भाडेकरूचा जिना दिसत असतो.

वास्तुतज्ज्ञ जोते पूर्ण झाल्यावरच भेटतात. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, मोठी बेडरूम नैऋत्येला ही मांडणी बहुतेकांना आधीच पाठ असते. अडचण मैलापाण्याच्या टाकीशी येते. ती ईशान्येला नको असते, आणि गल्लीतला उतार व नगरपालिकेचे गटार नेमके ईशान्येला असते. पाणी दिशा पाहत नाही, उतार पाहते. म्हणून या प्रसंगी वास्तुतज्ज्ञाकडून दोष मान्य करवून घेऊन त्यावरचा उतारा मागावा; तो बहुधा एका पिरॅमिडच्या किमतीत मिळतो. बोअरच्या जागेसाठी पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन प्लॉटभर फिरतो आणि नारळ उभा राहील तिथे खूण करतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत असते, त्यामुळे शेजारच्या बोअरला लागलेले पाणी आपल्याला लागेलच असे नाही. पाणी लागले तर श्रेय नारळाला जाते, न लागल्यास खडकाला दोष मिळतो. या व्यवस्थेत पाणाड्याची फी कोठेही अडकत नाही.

आता पाया. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. तिच्यावर बसवलेले घर तिच्याबरोबर वर्षातून एकदा चढते-उतरते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे जाऊ लागतात. म्हणून काळी माती पूर्ण काढून घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदावे, असा नियम आहे. खड्डा चार फुटांवर असताना मिस्त्री म्हणतो, “साहेब, मुरूम लागला.” या वेळी साहेबाने स्वतः खड्ड्यात उतरून पहार मारून पाहणे अपेक्षित असते. व्यवहारात तो काठावरून मोबाइलवर फोटो काढतो.

येथे या शास्त्राचे मूलतत्त्व सांगणे आवश्यक आहे. घरातील वस्तू दोन प्रकारच्या असतात: ज्या पुढे झाकल्या जातात त्या, आणि ज्या कायम दिसत राहतात त्या. पाया, सळया, काँक्रीट, गिलाव्याआडच्या नळ्या हा पहिला वर्ग होय. यांचे निर्णय मिस्त्री घेतो आणि त्याला पाच मिनिटे पुरतात. फरशीचा रंग, गेटची नक्षी, नावाच्या पाटीची अक्षरे हा दुसरा वर्ग. यांचे निर्णय मालकाचे कुटुंब घेते आणि त्यासाठी तीन शहरांतल्या दुकानांचे दौरे होतात. पहिल्या वर्गातली चूक दुरुस्त करायची तर घर फोडावे लागते, दुसऱ्या वर्गातली चूक पडदा लावून झाकता येते. कुटुंबाने वेळ कोठे खर्चावा याचे उत्तर यातून निघते, पण त्या उत्तराप्रमाणे वागलेले कुटुंब विरळाच.

ठेकेदाराशी करार चौरस फुटाच्या दराने होतो. दर ऐकून मालक खूश होतो, कारण चौरस फूट कोणते हे त्याने विचारलेले नसते. तो आतल्या खोल्या मोजत असतो, तर ठेकेदार स्लॅब मोजतो. त्यात बाल्कनी, छज्जे, जिन्याची टोपी सगळे येते. मोजमाप कशाचे, पाण्याची टाकी व कंपाउंड दरात आहे की नाही, सळईचा दर वाढल्यास काय, हे लिहून घ्यावे. हप्ते तारखेवर न ठेवता कामाच्या टप्प्यांवर ठेवावेत: जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा. बँकही कर्ज याच टप्प्यांनी सोडते. शेवटचे काही टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचे ठरवावे. ज्या ज्या गोष्टी लिहायच्या राहतील त्यांना बांधकामात ‘एक्स्ट्रा’ म्हणतात. खिडकीखालचा दगड एक्स्ट्रा असतो. काही करारांत खिडकीसुद्धा.

वाळू ब्रासने विकली जाते; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडीच्या फाळक्याची लांबी, रुंदी, उंची मोजून मालक समाधान पावतो. पण वाळूला एक विलक्षण गुण आहे. तीत पाच-सहा टक्के ओलावा असला की कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळू वीस-तीस टक्के फुगते. पूर्ण भिजवली की पुन्हा बसते. म्हणजे ओलसर वाळूची गाडी भरघोस दिसते आणि मालक पाण्याच्या पापुद्र्याचे पैसे देतो. मातीचे प्रमाण पाहायचे असेल तर काचेच्या बरणीत वाळू व पाणी घालून हलवावे आणि काही तास ठेवून वर बसलेला गाळ मोजावा. (लोणच्याची बरणी वापरू नये, घरातील सहकार्य येथेच संपते.) सळईची तपासणी आणखी सोपी आहे. व्यासाच्या मिलिमीटरांचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे किलोतले वजन येते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साडेदहा किलोंहून थोडी अधिक भरली पाहिजे. वीट तीन-चार फुटांवरून टाकली तर फुटू नये आणि दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. ही परीक्षा गाडी खाली होण्यापूर्वी करावी, नंतर केल्यास तिला केवळ संगीतमूल्य उरते.

स्लॅब हा या शास्त्रातला सण आहे. त्या दिवशी नारळ फुटतो, मिक्सर आदल्या रात्रीच येऊन उभा असतो, नातेवाईक जमतात आणि कामगारांना गोडाचे जेवण असते. मालक आचाऱ्याच्या मागे असतो. याच वेळात वर, सेंट्रिंगवर, पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल लागत असतो. सळईखाली कव्हर ब्लॉक हवेत: स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. ब्लॉक नसले तर सळई पत्र्याला टेकते, काँक्रीट तिच्याखाली शिरत नाही, आणि काही पावसाळ्यांनी ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, त्यामुळे छताचे पापुद्रे ताटात पडू लागतात. कोकणात खाऱ्या हवेमुळे ही प्रगती अधिक जलद होते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ५० किलोच्या सिमेंटच्या एका पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरते, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही धरायचे असते. असे काँक्रीट घट्ट असते. ते घमेल्यातून सहज पडत नाही, त्याला व्हायब्रेटर लावावा लागतो, कामगारांचे हात भरून येतात. मग कोणीतरी पाइप सोडतो आणि काँक्रीट ताकासारखे पळू लागते. कामाचा वेग पाहून मालक प्रसन्न होतो. जादा पाणी पुढे उडून जाते आणि जाताना आत लाखो सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते, ज्यांतून जुलैत पाऊस घरात येतो. स्लॅबच्या दिवशी घरातील सर्वांत तापट ज्येष्ठ व्यक्तीला खुर्ची देऊन मिक्सरजवळ बसवणे हा यावरचा सिद्ध उपाय आहे. जेवणाचे तरुण मंडळी पाहू शकतात.

दुसऱ्या दिवसापासून नेमके उलटे करायचे असते. ज्या काँक्रीटला काल पाणी नको होते त्याला आता भरपूर हवे असते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंट किंवा कडक ऊन असल्यास किमान दहा दिवस ओल टिकली पाहिजे. बाजारातले बरेचसे सिमेंट राखमिश्रित असते आणि स्लॅब पडतात एप्रिल-मे महिन्यांत, तेव्हा दहा दिवस धरूनच चालावे. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरतात, कॉलमना गोणपाट गुंडाळतात. हे काम कोणाच्याही करारात नसते. ठेकेदार म्हणतो ते मालकाचे, मालक म्हणतो ते वॉचमनचे, आणि वॉचमनला पाण्याचा टँकर कोणी सांगायचा हे ठाऊक नसते. टेकू काढण्याची घाई मात्र सर्वांना असते, कारण सेंट्रिंगचा पत्रा पुढच्या साइटवर हवा असतो. साडेचार मीटरांपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, आणि सहा मीटरांहून लांब बीमला एकवीस दिवस आधार ठेवायचा असतो.

बांधकामाची कालगणना स्वतंत्र आहे. “दिवाळीला राहायला या,” याचा अर्थ दिवाळीला स्लॅब. “पाडव्याला वास्तुशांत,” याचा अर्थ पाडव्याला गिलावा. होळीला कामगार गावी जातात, मृगाला पेरणीसाठी जातात, जत्रेला जातात आणि निवडणुकीलाही जातात. त्यांच्याही घरी कोणाचे तरी काम अडलेले असते. म्हणून ठेकेदाराने सांगितलेल्या सणापुढचे दोन सण सोडून तिसरा गृहीत धरावा आणि पत्रिका छापण्याची घाई करू नये.

स्लॅब झाल्यावर साइटवर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. हे सर्व तज्ज्ञ असतात. “इथं खिडकी हवी होती,” हे वाक्य भिंत पूर्ण झाल्यानंतरच उच्चारले जाते. मेहुणे मंडळींचे ज्ञान या बाबतीत सर्वाधिक प्रगत आढळते. उत्तरादाखल चहा द्यावा आणि इंजिनिअरचे नाव पुढे करावे.

जिना मोजण्यात घरोघरी एकच चूक होते. दोन मजल्यांतले अंतर साडेदहा फूट असेल तर सात इंचांच्या अठरा उंच्या बरोबर बसतात. पण जिना ओतताना खालची फरशी बसलेली नसते. ती पुढे दोन-तीन इंच वर येते आणि पहिली पायरी तेवढी बुटकी होते. मनुष्याचा पाय पहिल्या पायरीवरून पुढचा अंदाज बांधतो, म्हणून त्या घरात प्रत्येक पाहुणा दुसऱ्या पायरीवर अडखळतो. घरच्यांना मात्र सवय होते. फरशीची अंतिम पातळी आधी ठरवून ती खुणेने भिंतीवर मारून ठेवली, तर हे टळते. दारांच्या उंचीचा आणि ओट्याचा घोळही त्याच खुणेने मिटतो. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभे करून ठरवावी. ती बहुधा त्या वेळी साइटवर नसते आणि मिस्त्री स्वतःच्या कमरेवरून अंदाज घेतो.

विजेच्या नळ्या गिलाव्याआधी बसतात. कॉट कोठे, फ्रीज कोठे, दार कोणत्या बाजूला उघडणार हे खडूने भिंतीवर लिहावे. अन्यथा बटणे दाराच्या मागे आणि प्लग कपाटाच्या मागे जातात. दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर लागते. बटणांच्या पट्ट्यांचा रंग यानंतर निवडावा. गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढावा, म्हणजे पुढे देवाच्या तसबिरीसाठी मारलेला खिळा थेट पाण्याच्या नळीत जात नाही.

न्हाणीघरात पाणी जाळीकडे जावे अशी अपेक्षा असते. ते कोपऱ्यात, दाराकडे किंवा थेट बेडरूमकडे जाते. फरशी बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या छताकडे पाहावे. फरशी लावताना बादलीभर पाणी ओतून उतार तपासावा. नंतर तपासल्यास वायपर विकत घ्यावा लागतो.

दुरुस्ती हा वेगळा विषय असला तरी त्याची सुरुवात नेहमी सारखीच असते: “फक्त बाथरूमच्या फरश्या बदलायच्या आहेत.” फरशी काढली की जुनी लोखंडी नळी दिसते, नळी काढली की भिंत फुटते, भिंत फुटली की वायरिंग उघडे पडते, आणि मग सगळे केलेच आहे तर स्वयंपाकघरही करावे असे ठरते. भिंत पाडण्यापूर्वी ती कशावर उभी आहे हे इंजिनिअरला विचारावे. जुन्या वाड्यांत आणि भार पेलणाऱ्या भिंतींच्या इमारतींत भिंत हाच खांब असतो. ‘हॉल मोठा दिसावा’ म्हणून ती काढली तर हॉल वरच्या मजल्यापर्यंत मोठा होऊ शकतो.

रंगकामाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. छोट्या कार्डावरचा रंग भिंतीवर गडद दिसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. उरलेल्या फरश्यांची एक पेटी जपून ठेवावी, कारण त्या छटेचा माल पुन्हा मिळत नाही. भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज ठेकेदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी करावा. घर पूर्ण झाले की नाही याबाबत मालक म्हणतो नाही, ठेकेदार म्हणतो केव्हाच, आणि वास्तुशांतीला आलेले पाहुणे जेवून गेल्यावर गच्चीवर भेग दाखवतात. नगरपालिकेच्या कर विभागाला मात्र अशी शंका कधी पडत नाही. घरपट्टीची पहिली मागणी पाणीजोडणीच्या आधी येते आणि तीत न बांधलेली बाल्कनीही मोजलेली असते. आकारणीवर हरकत घेण्याची मुदत नोटिशीतच छापलेली असते. ती संपण्यापूर्वी मंजूर नकाशाची प्रत जोडून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.