गार्डन की एसी?

पुण्याच्या आसपास ज्या हॉटेलांच्या पाटीवर ‘गार्डन रेस्टॉरंट’ असं लिहिलेलं असतं, तिथे दारातच एक प्रश्न विचारतात: गार्डन की एसी? विचारायचा आपला रिवाज म्हणून. घरून निघताना ‘आज जरा मोकळ्या हवेत बसू’ असं ठरवून निघालेली मंडळी एकदा लॉनवरच्या डासांकडे बघतात, एकदा आजींच्या गुडघ्यांकडे बघतात आणि एसीत शिरतात. आत गेल्यावर मात्र सगळ्यांना काचेजवळचं टेबल हवं असतं, म्हणजे बाग दिसेल. बाग हवी, पण तिच्यात बसायला नको.

अशाच एका हॉटेलाच्या एसी विभागात हल्लीच्या चित्रकारांनी काढलेल्या बागांचं आणि घरातल्या खोल्यांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा मला मालकाचं कौतुक वाटलं. गिऱ्हाइकाच्या मनातलं त्याने बरोबर ओळखलं होतं. कर्दळ, अनंत, फरशीवर पडलेली गुलमोहराची फुलं, आणि डास एकही नाही.

रोमन लोकांनाही हे ठाऊक होतं. रोमच्या उत्तरेला प्रिमा पोर्ता इथे ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिचा बंगला होता. तिथे १८६३ साली एक अर्धवट जमिनीखालची खोली सापडली. उन्हाळ्यात गारव्याला बसून जेवायची ही जागा असावी, असं मानतात. चारही भिंतींवर नुसती बाग. डाळिंबं, कण्हेरी, फांदीफांदीवर पक्षी, आणि निरनिराळ्या ऋतूंतली फुलंफळं एकाच वेळी बहरलेली. खरा माळी असा बहर आणू शकत नाही, चित्रकार आणतो. बंगल्याच्या धनिणीला बाहेर खऱ्या झाडाखाली पानं मांडायला कोणी अडवलं नसतं. तरी मंडळी पायऱ्या उतरून तळघरात जात आणि रंगवलेल्या डाळिंबांकडे बघत जेवत. थोडक्यात, तिनेही एसीच घेतलं. ती भित्तिचित्रं आता रोममधल्या एका संग्रहालयात आहेत आणि तिथे अर्थातच कोणी जेवत नाही.

चित्रकार मोनेचं उलट होतं. जिव्हर्नीच्या घरी त्याने अखेरपर्यंत बाग लावली, तीच रंगवली, पण त्याच्या पिवळ्याधमक जेवणघराच्या भिंतींवर टांगली होती जपानी ठसाचित्रं. मला यात शहाणपण दिसतं. दिवसभर ज्या कमळांशी झटापट करायची, तीच पुन्हा सूप पिताना समोर कशाला?

हॉटेलात चित्र बघणं ही मुळात टेबलावरच्या जागावाटपाची गोष्ट आहे. आपल्याकडे कुटुंब जेवायला गेलं की सर्वांत थोर माणसाला दाराकडे तोंड करून बसायचं असतं, लहान मुलांना टीव्हीकडे, आणि एका काकांना एसीच्या झोतापासून लांब. उरलेली खुर्ची ज्याच्या वाट्याला येते, त्याला चित्र. म्हणजे रसिकता जिथल्या तिथे राहते आणि घरातल्या सर्वांत गरीब स्वभावाच्या व्यक्तीवर कलेचा संस्कार होतो. त्याहून अवघड दशा चित्राखाली बसलेल्याची. कोणी खरोखरीचा दर्दी येतो, दोन पावलं मागे सरतो, मान तिरकी करतो आणि आपल्या डोक्याच्या वर चार बोटं नजर लावून उभा राहतो. आपल्या हातात त्या वेळी नेमकी तंगडी असते. ती खाली ठेवावी की प्रदर्शनाचा भाग समजून तशीच धरावी, हे कळत नाही.

तरीही माझं मत असं की चित्राला हॉटेलासारखी सोबत कलादालनात मिळत नाही. दालनात माणूस चालता असतो. चित्रापेक्षा शेजारची चिठ्ठी जास्त वेळ वाचतो आणि पुढे सरकतो. हॉटेलात त्याला जाता येत नाही, त्याची ऑर्डर दिलेली असते. तंदूर रोटी यायला लागणाऱ्या वेळात मी एका बागेच्या चित्रातल्या कुंड्या मोजल्या आहेत, एका कुंडीची सावली उलट्या बाजूला पडली आहे हे पकडलं आहे, आणि चित्रकाराने ती मुद्दाम तशी पाडली असावी, इथवर माझं मतपरिवर्तनही झालं आहे. रोटी वेळेवर आली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

मुंबईत हे सगळं एकाच छपराखाली जमलं होतं. जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झालं, आणि १९६४ साली त्याच्या अरुंद, लांबट व्हरांड्यात उषा खन्ना यांनी ‘समोवार’ उघडलं. आत दालनात चित्रं, व्हरांड्यात पुदिन्याचा चहा आणि पलीकडे म्युझियमची हिरवळ. दालन दहा मिनिटांत उरकून समोवारमध्ये दोन तास बसणारे पुष्कळ होते. त्यांना नावं ठेवू नयेत. कित्येक चित्रांविषयीची खरी मतं त्या व्हरांड्यातच तयार होत असणार, कारण चित्रकारासमोर ‘छान आहे’ एवढंच म्हणता येतं. २०१५ साली समोवार बंद झालं.

हॉटेल आणि चित्र यांचं वैर असलंच पाहिजे असं मानणारा एक थोर माणूसही होऊन गेला. १९५८ साली मार्क रॉथकोला न्यूयॉर्कच्या ‘फोर सीझन्स’ या बड्या हॉटेलासाठी चित्रांचं काम मिळालं. ही चित्रं बघून तिथे जेवणाऱ्या धनिकांची भूकच मेली पाहिजे, असा आपला बेत त्याने एका पत्रकाराला बोलून दाखवला होता. पुढे तो पत्नीबरोबर तिथे जेवून आला, एकूण थाट पाहून बिथरला, पैसे परत केले आणि चित्रं स्वतःकडेच ठेवली. त्यातली काही लंडनच्या टेट संग्रहालयात पोचली. माझ्या मते चित्रं तिथे लागली असती तरी भूक शाबूत राहिली असती. थोर कलावंत होता, पण भुकेल्या माणसाची एकाग्रता त्याने कमी लेखली. जळक्या तांबड्या रंगाच्या त्या चौकटींसमोर आपल्याकडच्या एखाद्या कुटुंबाने दोन प्लेट मंच्युरियन संपवून ‘जरा डार्क आहे नाही?’ एवढंच म्हटलं असतं.

बागांचं जमतं. खोल्यांच्या चित्रांचं मात्र हॉटेलात थोडं अवघड होतं. आपण एका खोलीत बसून दुसऱ्या खोलीकडे बघतो, आणि दुसरी नेहमीच जास्त आवरलेली असते. मारिओ मिरांडांनी कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती रंगवताना यावर तोडगा काढला. एका भिंतीवर मुंबई काढली आणि दुसरीवर त्या कॅफेतलीच गर्दी. बिअर पिणारा भिंतीकडे बघतो तर तिथेही बिअरच चाललेली. सुधीर पटवर्धनांनी इराणी हॉटेलातला माणूस रंगवला तो १९७७ साली; ठाण्यात रेडिऑलॉजिस्टचं काम करणाऱ्या या चित्रकाराला माणसाच्या आतलं बघायची सवय होतीच. ते चित्र समोर ठेवून मला खिमापाव खाता येणार नाही. चित्र वाईट म्हणून नव्हे, फार खरं म्हणून.

पुण्यातल्या त्या प्रदर्शनात एक खोली होती. लाल कोबा, खिडकीत तुळस, टेबलाभोवती चार रिकाम्या खुर्च्या. तिच्याखाली नंबरासाठी ताटकळलेली माणसं उभी होती आणि त्या चार खुर्च्यांकडे ज्या नजरेने बघत होती, तसं मी कुठल्याही दालनात कोणाला चित्राकडे बघताना पाहिलेलं नाही. शेजारच्या चिठ्ठीवर किंमत होती. एका गृहस्थांनी ती वाचून ‘यात जीएसटी धरलाय का?’ असं काउंटरवर विचारलं, म्हणजे ते थोडे तरी हलले होते.

वेटर मोकळा होता, म्हणून त्याला विचारलं, की लोकांना यातलं कुठलं आवडतं?

“बागेचं, काका. त्याच्याखालचं टेबल पहिलं भरतं.”

“आणि हे खोलीचं?”

“ह्याच्याखाली फॅमिली बसायला बघत नाही. म्हणतात, कोणीतरी यायचंय असं वाटतं.”

एवढी नेमकी समीक्षा मी वर्तमानपत्रात वाचलेली नाही. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं गेलं. टेबल तेच मिळालं. आम्ही तिघंच होतो. चौथ्या खुर्चीवर ठेवायला माझ्या बहिणीने पर्स उचलली, वर चित्राकडे बघितलं आणि ती मांडीवरच ठेवली.

“लवकर ऑर्डर दे,” ती म्हणाली.