सटवाईच्या आधीची सुई

अंबाजोगाईला मुहूर्त चुकणं नवं नाही. खुद्द योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं लग्न मुहूर्त टळल्यामुळे राहिलं आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी इथली कथा. तेव्हापासून आम्ही घड्याळाच्या बाबतीत भलतेच सावध. प्रसूतिगृहाचं दार किलकिलं होतं, सिस्टर डोकं बाहेर काढते. पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी? दुसरा लगेच, किती वाजून किती मिनिटांनी? मिनिटांचा घोळ झाला तर पत्रिका बिघडायची, मंगळ भलत्या घरात जाऊन बसायचा. तिसरा प्रश्न बाळ कुणावर गेलं याचा. 'व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं का?' असं विचारणारा काका मात्र अजून जन्माला यायचा आहे. आणि हे त्या गावात, जे 1974 पासूनचं आपलं मेडिकल कॉलेज 'आशियातलं ग्रामीण भागातलं पहिलं' म्हणून पाहुण्याला चहाआधी ऐकवतं.

मामला साधा आहे. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृत तयार करतं, पण व्हिटॅमिन के मिळालं नाही तर ती बिनसहीच्या चेकसारखी नुसती पडून राहतात. बाळ जन्मतं ते या जीवनसत्त्वाच्या जवळजवळ रिकाम्या साठ्यानिशी. वारेतून ते फारसं पलीकडे जात नाही, आईच्या दुधात अगदी थोडं असतं, आणि आतड्यातले जे जीवाणू ते थोडंफार बनवतात त्यांचं बिऱ्हाड अजून पडायचं असतं. तेव्हा 'आम्ही सुनेला रोज पालक खायला घातला' हे सासूबाईंचं म्हणणं सुनेच्या तब्येतीला ठीक, बाळाच्या खात्यावर त्यातलं फारसं जमा होत नाही. दूध मात्र आईचंच पाजायचं. त्याच्या नावानं बोटं मोडून डब्याकडे वळू नये. कमी पडतं ते एका सुईत भरून निघतं.

ती सुई म्हणजे एक मिलिग्रॅम, जन्मानंतर तासाभरात, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. किलोभरापेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. केंद्र सरकारनं 2014 साली तशा सूचनाच काढल्या आहेत. नर्सबाईही हे इंजेक्शन देऊ शकतात, सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत. हेन्रिक डाम या डॅनिश संशोधकाला हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांच्या रक्तस्रावावरून सापडलं, 1943 चं नोबेल त्यासाठी त्याला वाटून मिळालं. पिलांचं कोडं सुटून इतकी वर्षं झाली, लेकरांचा विषय आपण अजून 'डॉक्टर बघतील' यावर सोडलाय.

डॉक्टर बहुतेकदा बघतातच, म्हणून तर व्हिटॅमिन केअभावी होणारा बाळाचा रक्तस्राव सहसा दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच शहाण्यांना कंठ फुटतो. 'इवल्याशा जिवाला जन्मल्या जन्मल्या टोचायचं कशाला?' हे वाक्य परवापर्यंत आजीचं होतं, आता मोबाइलमधल्या निसर्गप्रेमी गुरूंचं झालंय. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये 2013 साली काही महिन्यांत चार बाळं जन्मानंतर आठवड्यांनी उद्भवलेल्या अशा रक्तस्रावानं दवाखान्यात आली. चौघांच्याही आईबापांनी इंजेक्शन नाकारलं होतं. इंजेक्शननं कर्करोग होईल, अशी भीतीही कुणी घालतं. तिचा उगम ब्रिस्टलच्या 1992 च्या एका अभ्यासात आहे. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध सापडला नाही, पण खुलाशाला अफवेचे पाय नसतात.

आपल्याकडे पाचवी पुजतात. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून कोरा कागद नि लेखणी ठेवतात. नेमक्या याच पहिल्या आठवड्यात, इंजेक्शन मिळालं नसेल तर, नाळेतून, शीतून, नाकातून रक्त येऊ शकतं. ते निदान दिसतं. कपटी प्रकार पुढचा. बारसं होतं, पाहुणे जातात, बाळ बाळसं धरतं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत कधीही रक्तस्राव होतो. यातल्या निम्म्याच्या आसपास बाळांत तो थेट मेंदूत. इंजेक्शन न घेतलेल्या लाखात चार ते सात, असा पाश्चात्त्य देशांतला हिशेब. लाखात सात म्हणजे काहीच नाही, असं ज्याला वाटतं त्यानं लॉटरीचं तिकीट घेणं आधी बंद करावं.

आजीबाईंशी वैर नाही. रोज टाळू भरताना त्यांच्या हाताला जे कळतं ते यंत्राला उशिरा कळेल. फक्त टाळू फुगलेली लागली, पोर पांढरं पडलं, दूध तोडलं, झटके आले, तर तेल आणखी जिरवू नये, दृष्ट काढू नये, रिक्षा बोलवावी. कावीळ लांबलेली आणि शी पांढरट असेल तर तेही उद्यावर ढकलू नये. आणि सुट्टीच्या कागदावर इंजेक्शनची नोंद आहे का, हे पेढे वाटायच्या आधी बघावं. सटवाईसाठी कोरा कागद ठेवतोच आपण, दवाखान्याचा कागद कोरा नको.

आता आमच्या जिल्ह्याचं खास. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजूर जोडपी, निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. त्यात दिवस भरत आलेल्या बायकाही असतात आणि एखादीचं बाळंतपण उसाच्या फडाशेजारच्या कोपीतच, म्हणजे झोपडीतच, उरकतं. 2014 च्या सूचना आहेत आरोग्यसंस्थांत जन्मणाऱ्या बाळांसाठी. कोपी ही आरोग्यसंस्था नव्हे, एवढं दिल्लीला बरोबर कळलं. तोंडी थेंब चालतील म्हणावं, तर ते एकदा पाजून भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, तोवर टोळीचा तळ हललेला असतो. बरं, कोण कधी बाळंत होणार हे आशाताईला ठाऊक असतं, टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला. दोघांनी एकदा बोलून तिथल्या आरोग्य केंद्राला यादी कळवायची, एवढंच काम. उचल घेऊन पळालेला गडी तर मुकादम तीन जिल्ह्यांतून शोधून आणतो.