तळ्याकाठी वीस चौरस फूट

विस्कॉन्सिनमध्ये पंधरा हजारांहून जास्त तळी आहेत. त्यांतल्या एकाच्या काठी आम्ही जुनं घर घेतलं, ते माझ्या डोक्यातल्या झोपाळ्यापायी. पाण्याच्या बाजूला काचेची खोली काढायची, आई आली की तिला झोपाळ्यावर बसवायचं आणि आपण शेजारी चहा पीत कृतार्थ व्हायचं. खोलीचा पत्ता नव्हता, पण सागवानी झोपाळा पितळी कड्यांसकट पुण्याहून निघालासुद्धा. "बाजारात तुरी..." एवढंच बायको म्हणाली.

इथे काठालगतच्या बांधकामाचा कायदा १९६६ पासून आहे. घर पाण्यापासून ७५ फूट मागे हवं. मी ऑगस्टात, पाणी आटलेलं असताना, स्वतः टेप धरून मोजलं. ८१ फूट! मग तळं निळ्या स्केचपेनने रंगवून नकाशा काढला आणि काउंटीच्या झोनिंग ऑफिसात ऐटीत अर्ज दिला.

पाहणीला गमबूट घातलेल्या एक बाई आल्या. पाण्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. वाकून दगडांवरचा काळसर पट्टा पाहिला, लव्हाळी कुठे संपतात ते पाहिलं आणि माझ्या लॉनवर चांगलंच आत एक झेंडी खोचली. पाणी आज कुठे आहे याच्याशी कायद्याला कर्तव्य नसतं. वर्षानुवर्षं चढून ते जिथे खूण उमटवतं, तिथून मोजायचं. भरलं ५८ फूट. काठावर मी हौसेने मांडलेली आरामखुर्ची कायद्याने तळ्यात होती.

घर कायद्याच्या आधीचं, म्हणून पाडायला कोणी सांगत नाही. काठापासून ३५ फुटांच्या पलीकडे असल्यामुळे वाढवताही येतं. पण आडवं फक्त २०० चौरस फूट, आणि पाण्याच्या दिशेने इंचभरही नाही.

"दोनशे म्हणजे पुष्कळ!" मी.

"दोनशे घराच्या अख्ख्या आयुष्यात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल उघडली. आधीच्या मालकाने त्यातले १८० बर्फाचे बूट काढून ठेवायच्या खोलीत घालवले होते. घर बघायला आलो तेव्हा त्याच खोलीचं मी तोंड भरून कौतुक केलं होतं.

"वर मजला चढवा," बाईंनी सुचवलं. उंची ३५ फुटांपर्यंत चालते. कंत्राटदाराने आकडा सांगितला; तेवढ्यात कोथरूडला फ्लॅट आला असता. शिवाय आईचे गुडघे.

उरलेल्या विसांचा निकाल बायकोने लावला: देवघर. चार बाय पाच. रांगत्या बाळकृष्णाला आता बाजूच्या खिडकीतून तळं दिसतं. मला दिसतो बाळकृष्ण.

वाढीव बांधकामाची भरपाई म्हणून काठाची हिरवळ उपटून तिथे इथलीच गवतं आणि झुडपं लावायची अट होती. ती मी इतक्या निष्ठेने पाळली की आई आली आणि दारातूनच म्हणाली, "काय रे, गवत कापायला वेळ होत नाही?" मी छाती फुगवून समजावलं. छपरावरचं, फरशीवरचं पाणी जमिनीत न मुरता थेट तळ्यात जातं; जाताना माती आणि फॉस्फरस नेतं; त्यावर शेवाळ माजतं. मॅडिसनच्या लेक मेंडोटावर उन्हाळ्यात त्याचा हिरवा तवंग धरतो. आमच्या तळ्यावरही धरायचा, तेव्हा मी नाकाला रुमाल लावून शेजाऱ्यांना नावं ठेवायचो. माझं स्वतःचं लॉन पाण्याकडेच उतरतं, हा तपशील मी आईला सांगितला नाही. तो तिला दिसत होता.

"मग बरोबर आहे की त्यांचं," ती म्हणाली.

तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये तळ्याकाठी घर बघणार असाल, तर खिडकीतून पाणी किती दिसतं ते मागाहून बघा. आधी काउंटीत जाऊन दोनशेतले किती शिल्लक आहेत ते विचारा. भरपूर असतील तर मला जरूर कळवा. गॅरेजात एक सागवानी झोपाळा पडून आहे. कड्या अस्सल पितळी, किंमत बोलून ठरवू.