वर्ध्यात राहून फ्रेंच शिकण्याची रीत

आधी इंग्रजी यायला हवं. ही अट फ्रेंचांची नाही, पुस्तकांची. कारण फ्रेंच शिकवणारं पुस्तक हमखास इंग्रजीतून लिहिलेलं असतं. म्हणून शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी आपली मराठी खुंटीला टांगावी. तरच पान दोनवर त्याला अपेक्षित धक्का बसतो: टेबलाला लिंग असतं! घरात खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते, अशी तीन-तीन लिंगं तो दुधाच्या दातांपासून सांभाळतोय. तिथे तर दोनच आहेत. पण हे आठवू नये, अभ्यास फार लवकर उरकतो.

'त्यू' आणि 'वू', म्हणजे तू आणि तुम्ही, यांवर पुस्तक पानंच्या पानं खर्च करतं. ती उलटावीत. एवढंच जपावं की आपलं 'अबे' या दोन्हींत बसत नाही.

शिकवणी हवी तर गांधी हिल्सवर जावं. तिथल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात फ्रेंच, स्पॅनिशही शिकवतात. हिंदी विद्यापीठात फ्रेंच कसलं, असं घरचे विचारतील. त्यांना पवनारकडे बोट दाखवावं. विनोबांनी बडोद्याच्या शाळेत वडिलांच्या इच्छेखातर फ्रेंचच घेतलं होतं; संस्कृत का नाही, ही तक्रार आईची. उलट दिशेचा दाखला हवा तर लांझा देल वास्तो. जन्माने इटालियन, लिहिणार फ्रेंचमध्ये. १९३७ साली वर्ध्याला आला आणि गांधीजींकडून 'शांतिदास' हे नाव घेऊन गेला.

स्पॅनिश घेणाऱ्याला 'पगार' भेटतो. तिकडे पगार म्हणजे पैसे देणं, इकडे घेणं. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. घमेलं, चावीही त्यांचीच. बटाटाही. पण आपण पडलो आलूवाले, तो गुण पुण्या-मुंबईकडे गेला.

खरी परीक्षा आकड्यांची. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार वीस, नव्वद म्हणजे चार वीस दहा. इंग्रजीतून आलेला इथे पुस्तक मिटतो. मराठीवाल्याला तोंड वाकडं करायचा हक्क नाही; एक उणे ऐंशीला 'एकोणऐंशी' आपणच म्हणतो. त्याने सरळ आठवडी बाजार गाठावा. विसाच्या हिशेबाने मोजणारी एखादी म्हातारी अजून सापडते. तुरीच्या शेंगा मापून ती म्हणेल, "चार इसा न् दहा झाले, बापू." तिचा उच्चार सुधारायला जाऊ नये. नव्वद रुपये द्यावेत.