तारीख पडली की मशीद बघावी

पालमचा माणूस छत्रपती संभाजीनगरला शहर बघायला म्हणून कधी जात नाही. खंडपीठात तारीख असते, घाटी रुग्णालयात कुणाला दाखल केलेले असते, आयुक्तालयात फाइल अडकलेली असते, नाही तर पोराची अ‍ॅडमिशन असते. गंगाखेडपर्यंत एसटी, तिथून रेल्वे, परभणीला पुन्हा गाडी बदल, असे पाच-सहा तास घालवून तो पोचतो आणि वकीलसाहेब सांगतात, 'पुढची तारीख पडली.' मग परतीच्या गाडीपर्यंत जो वेळ उरतो त्याचे काय करायचे, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही. जाणती मंडळी सांगतात, मकबरा बघून या. माझे म्हणणे, शहागंजला जावे, दोन टॉवेल घ्यावेत आणि घेता घेता मशीद बघावी. जुन्या पेठेतली मशीद पर्यटक म्हणून गेलेल्याला दिसत नाही, गिऱ्हाईक म्हणून गेलेल्याला दिसते, असा माझा सिद्धान्त आहे. सिद्धान्ताला पुरावेही आहेत, आणि आमच्याकडच्या बऱ्याच सिद्धान्तांना ते नसतात.

पहिला पुरावा शहागंजची मशीदच. 1720 च्या आसपासची, म्हणजे तीनशे वर्षे ओलांडलेली. ती उंच चौथऱ्यावर आहे आणि चौथऱ्याच्या तीन बाजूंना दुकाने आहेत. ही दुकाने मागाहून झालेले अतिक्रमण नव्हे, मूळ आराखड्यातलीच आहेत. वर नमाज, खाली बाजार. वक्फची कल्पनाच अशी, की मिळकत एकदा धर्मकार्याला लावून दिली की तिच्या उत्पन्नावर ते काम चालत राहावे. आम्हा पालमकरांना हे समजावून सांगायला कुणी इतिहासकार नको. ग्रामपंचायत असो, बाजार समिती असो की देवस्थान, निधी संपला की तिघांनाही एकच मोक्षमार्ग दिसतो : रस्त्याच्या कडेने गाळे काढणे. फरक एवढाच की आपल्याकडे इमारत आधी होते आणि गाळे नंतर सुचतात. शहागंजच्या कारागिरांना ते आधीच सुचले होते. म्हणून वाटते, मशीद टिकण्यात भाडेकरूंचा वाटा मोठा असणार. संरक्षित स्मारकासमोर दंडाची धमकी देणारी निळी पाटी असते आणि पाटीच्या मागे गुटख्याच्या पुड्या असतात. गल्ल्यावर बसलेला दुकानदार मात्र आपल्या दारात कुणाला थुंकू देत नाही. पुरातत्त्व खात्याला जमले नाही, ते पोटापाण्याने करून दाखवले.

टॉवेलाचा भाव ठरेपर्यंत मान जरा वर करावी. दर्शनी बाजूला पाच कमानी आहेत. त्यांची कड सरळ नाही, करंजीच्या कातण्याने कापल्यासारखी नक्षीदार आहे, आणि काम मात्र दगडी खांबांवर पेललेले. आत चोवीस खांब, मधोमध फुगीर घुमट, घुमटाच्या बुडाशी पाकळ्यांची रांग आणि त्या पाकळ्या बांधून ठेवणारी एक अरुंद पट्टी. ही पट्टी बघण्यासारखी आहे. एवढा मोठा घुमट बसवून झाल्यावर गवंडी त्या बारीक पट्टीसाठी पुन्हा वर चढला असेल, तेव्हा खालचा मुकादम काय म्हणाला असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

दुसरा पुरावा किल्लेअर्काजवळची जामा मशीद. मलिक अंबर हा हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. तो निजामशाहीचा कर्ता झाला, 1610 साली खडकीला, म्हणजे इथेच, शहर वसवले आणि 1612 साली ही मशीद बांधली. मोगल बादशहा जहांगीर त्याच्यापुढे इतका हैराण झाला होता, की त्याने दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले : भाल्यावर अंबरचे तुटलेले मुंडके आणि बादशहा त्यावर नेम धरून बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके अंबरच्या धडावरच राहिले. 1626 साली म्हातारपणी मरेपर्यंत कुणाला कापता आले नाही. योजना कागदोपत्री पूर्ण करण्याची परंपरा मराठवाड्यात किती जुनी आहे, याचा हा दाखला म्हणायला हरकत नाही. पुढची गंमत अशी की याच जहांगिराचा नातू औरंगजेब इथे आला आणि आजोबाच्या त्या वैऱ्याची मशीद पाडण्याऐवजी त्याने ती वाढवली. दर्शनी नऊ कमानींपैकी पाच अंबरच्या, चार औरंगजेबाच्या. माणसे मावत नसतील, म्हणून वाढवली असावी. वास्तूकडे वापरणाऱ्याच्या नजरेने पाहिले की खानदानी वैरसुद्धा चार कमानींत मिटते. पर्यटक मात्र दारात उभा राहून 'ही नक्की कुणाची?' असे विचारतो आणि सेल्फी काढून निघून जातो.

याच अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणले. नळाला काही दिवसांआड पाणी येते अशा शहरात त्याचे नाव निदान पाणीपुरवठा विभागात तरी आदराने घेतले जात असेल, अशी आशा आहे.

आता आक्षेप. प्रार्थनेच्या जागेला बाजार म्हणणे हा अपमान नव्हे काय? पंढरपुरात बुक्का, चुरमुरे आणि तुळशीमाळांच्या दुकानांतून वाट काढल्याशिवाय विठोबापर्यंत पोचता येत नाही, आणि विठोबाने त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. ज्या जनाबाईला देव दळू लागला ती आमच्या शेजारच्या गंगाखेडची. तिच्या मुलखातल्या माणसाने भक्ती आणि व्यवहार एका चौथऱ्यावर पाहून दचकायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही : देवळे मोडून उभ्या राहिलेल्या मशिदींचे काय? अशी एक शहराजवळच आहे, दौलताबादच्या किल्ल्यात, 1318 सालची. तिचे शंभरावर खांब बहुतांशी जुन्या देवळांतले आहेत. नक्षी पाहिली की कुणी सांगावे लागत नाही. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. ती जरूर बघावी, खांबांवर हात ठेवून बघावी, आणि तोडलेले ते तोडलेलेच म्हणावे. पण त्या खांबांचा हिशेब शहागंजच्या टॉवेलवाल्याकडे मागू नये. त्याच्याकडे फक्त टॉवेलाचा हिशेब असतो, आणि त्यातही घासाघीस करावी लागते.

'आपल्याला त्यातले काय कळते?' हा तिसरा आक्षेप खोट्या विनयाचा आहे. सोयाबीनच्या भावावर, अमेरिकेच्या निवडणुकीवर आणि शेजाऱ्याच्या बांधावर न विचारता मत देणाऱ्या माणसाला पाच कमानी कळणार नाहीत, हे पटण्यासारखे नाही. राहिला प्रश्न आत सोडतील का याचा. विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत. बायामाणसे बरोबर असतील तर मात्र आधी विचारून घ्यावे. नमाजाच्या वेळा सोडाव्यात, शुक्रवारची दुपार तर टाळावीच, डोक्याला रुमाल असावा आणि बूट लेसचे नसावेत. शहागंजला पायऱ्या उत्तरेकडून आहेत. बाकी तिन्ही बाजूंनी गेलात तर दुकानच लागेल.