शून्य कुठे लावावे, कुठे लावू नये: मुकुंदवाडीकरांसाठी मार्गदर्शिका

आपला लँडलाइन नंबर परक्याला देण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: कोडातले पहिले शून्य आपले नाही. ०२४० हा आपला कोड असे सगळेच सांगतात. खरा कोड २४०. पुढचे शून्य ही आपण गावाबाहेर फोन लावतोय अशी एक्स्चेंजला दिलेली वर्दी. देशाबाहेर लावायचा तर दोन शून्ये. बाहेरून +९१ लावून येणारा आधीच बावन्न दरवाजांपैकी एकातून आत आलेला असतो. त्याने पुन्हा वर्दी देऊ नये. तरीही जालना रोडच्या पाट्यांवर आणि चिकलठाण्याच्या लेटरहेडांवर ‘+९१ ०२४०’ दिमाखात झळकते. इटलीत मात्र बाहेरून फोन लावतानाही ते शून्य लागतेच, तेव्हा अशा पेंटरने रोमला दुकान थाटावे.

अंक मोजावेत. आपले तीन आणि पुढचे सात, झाले दहा. जालन्याचा कोड २४८२, म्हणून तिथले नंबर सहाच आकडी. मुंबईला २२ एवढ्या दोनच अंकांत उरकले, कारण तिथे फोन जास्त. नंबराला आठ आकडे हवेत.

कोड पाठ करताना पोरांपुढे नकाशा ठेवू नये, फार घोळ होतो. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, ही बातमी कोडातल्या दोनाला अजून कळलेली नाही: सुरत २६१, राजकोट २८१, दोघेही आपल्याच पंगतीत. नागपूर मात्र ७१२, भोपाळच्या ७५५ शेजारी. म्हणजे वेगळा विदर्भ टेलिफोन खात्याने एकही बंद न होता देऊन टाकला. बेळगाव ८३१ आणि गोवा ८३२. सीमाप्रश्नावर इतका स्वस्त तोडगा कुठल्याच आयोगाला सुचला नाही. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, कोड २४०च राहिला. त्यासाठी मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

भाचा अमेरिकेत असेल तर त्याने ०११, मग ९१, मग २४० फिरवावे. आत्याला हे डायरीत लिहून देऊ नये. ०११ म्हणजे दिल्ली हे तिला एस.टी.डी. बूथच्या काळापासून ठाऊक आहे. रात्री अकरानंतर पाव दरासाठी रांगेत उभे राहून मिळवलेले ज्ञान ती सहजासहजी सोडणार नाही. तिला एवढेच सांगावे, की तिकडे ०११ म्हणजे आपली दोन शून्ये.

मोबाईलवरून मोबाईलला शून्य लागत नाही. लँडलाइनवरून मोबाईलला १५ जानेवारी २०२१ पासून लागते. काका नेमके उलटे करतात. त्यांच्या हातून फोन काढून घेऊ नये, नंबर आपणच लावून द्यावा.

फोन मुका झाला तर १९८ वर तक्रार नोंदवावी. त्यासाठी शेजाऱ्याचा फोन चालू असल्याची आधी खात्री करून घ्यावी.